एकतीस रुपये सदतीस पैसे

ती केस इतक्या वर्षांनीही मला तासातासाने आठवते, आणि जिथे आठवत नाही तिथे मी सांगताना कधी अडलेलो नाही. आमच्या घरी नियम आहे की माझ्या तोंडून आलेली कोणतीही गोष्ट चार आणे कमी करून ऐकायची. वाचकांनीही तो नियम पाळायला माझी हरकत नाही. फक्त जिथे भावाचा आकडा येईल तिथे एक पैसाही कमी करू नका, कारण सगळी केस त्या पैशांवरच उभी आहे.

नावे सांगणार नाही. गावाचेही नाही. मालवणच्या खाली आणि शिरोड्याच्या वर, एवढे पुरे. मी त्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. ठाणे समुद्रापासून इतके जवळ, की भरतीच्या दिवशी स्टेशन डायरीची पाने ओलसर व्हायची. खाऱ्या वाऱ्याने बेड्या गंजायच्या, म्हणून दर शनिवारी त्यांना खोबरेल तेल लावायचा माझा हुकूम होता. तो हुकूम निघण्यापूर्वी एका नारळचोराला जामीन झाल्यावरही दोन तास बसवून ठेवावे लागले होते, कारण बेडी उघडेना. शेवटी त्यानेच युक्ती सांगितली आणि स्वतःला सोडवून घेतले. या घटनेची नोंद कुठेही नाही.

आमच्याकडे गुन्हे कमी आणि अर्ज फार. माड याच्या हद्दीत आणि वाकला त्याच्या हद्दीत, मग नारळ कोणाचा, असले अर्ज. त्यामुळे एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत टेकलो आणि समोर एक आजी कागदांची पिशवी घेऊन उभी राहिली, तेव्हा मला वाटले, आला माड.

आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. फुलाफुलांचा झगा, रबरी चपला, गळ्यात क्रूस. नवरा तीस वर्षे परदेशी बोटींवर स्टुअर्ड होता, तो वारून जमाना झाला. दोन मुली, एक मुंबईला, दुसरी देशाबाहेर. आजी एकट्या राहायच्या. घर, घराभोवती माडांची बाग, आणि बागेतून थेट वाळूत उतरणारी पायवाट.

पिशवीतून त्यांनी वकिलाची नोटीस काढली. सोबत एका जुन्या स्टॅम्पपेपरची झेरॉक्स. त्यात लिहिले होते की आजींच्या नवऱ्याने अठ्ठ्याऐंशी साली ही बाग घरासकट शेजाऱ्याला विकायचे ठरवून पूर्ण रक्कम रोख घेतली होती. तो शेजारीही बोटीवरचाच, नवऱ्याचा मित्र, आता हयात नाही. त्याच्या मुलाला हा कागद बापाच्या पेटीत सापडला होता. हा मुलगाही दहा-बारा वर्षे बोटीवर कुक होता, आता त्याने शेजारीच पर्यटकांसाठी खोल्या आणि खानावळ काढली होती. आपण त्याला कुकच म्हणू. नोटिशीत म्हटले होते की पंधरा दिवसांत खरेदीखत करून द्या, नाहीतर कोर्टात जाऊ आणि घर खाली करून घेऊ.

नोटिशीबरोबर आणखी एक कागद होता, तो गोडीगुलाबीचा. बाहेरची एक रिसॉर्ट कंपनी दोन्ही जमिनी एकत्र घेणार होती. आजींनी संमतीपत्रावर सही केली तर त्यांनाही थोडी रक्कम मिळणार होती.

"मुली काय म्हणतात?" मी विचारले.

"थोरली म्हणता सही कर आणि माझ्याकडे ये. धाकटी फोनवर रडता." आजींनी पिशवीची गाठ मारली. "सायबानू, मी ह्या घरात नवरी म्हणान इलंय. आता हयसून खंय जाव?"

आता माझी चूक सांगतो. मी तो कागद वरवर पाहिला. स्टॅम्पपेपर अस्सल. मागे स्टॅम्पविक्रेत्याचा शिक्का, तारीख, कुकच्या बापाचे नाव. खाली आजींच्या नवऱ्याची सही, दोन साक्षीदार. दोघेही साक्षीदार मेलेले, पण माणसे मरतात, तो गुन्हा नव्हे. मी आजींना सांगितले, "आजी, ही दिवाणी बाब आहे. पोलिसांना यात हात घालता येत नाही. वकील बघा." पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की ते माझ्या निरोप समारंभाच्या हारावर लिहायला हरकत नव्हती. आजींनी कागद परत भरले. पिशवी घेऊन निघून गेल्या. पायरी उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, तेवढे माझ्या लक्षात राहिले.

तीन दिवसांनी खबर आली, आणि ती आली पावाबरोबर.

आमच्या ठाण्याला रोज सकाळी एक पाववाला सायकलवरून पाव देऊन जायचा. त्याची स्वतःची भट्टी होती. माणूस मोजके बोलणारा, आणि बिनकामाचे कधी न बोलणारा. त्या सकाळी पाव मोजून दिल्यावरही तो सायकलवर चढेना. हवालदाराने विचारले, "काय रे, पैशे देवचे ऱ्हवले काय?"

"पैशांचा नाय. एक इचारूचा होता. भट्टीत पाव भाजतत. कागद कोण भाजता?"

हवालदार त्याला आत घेऊन आला. पाववाल्याचे म्हणणे असे, की महिन्यापूर्वी दुपारी, भट्टी निवत आली असताना, कुक एक पत्र्याचा डबा घेऊन आला. म्हणाला, घरात वाळवी लागली आहे, बापाचे जुने कागद दमट झालेत, जरा ऊब द्यायची आहे. तासाभराने डबा घेऊन गेला. पुन्हा दुसऱ्या दिवशी आला. असे तीन दिवस. तिसऱ्या दिवशी डब्याचे झाकण उडाले तेव्हा पाववाल्याने पाहिले, आत एकच कागद होता, चहात बुडवल्यासारखा पिवळा, आणि शाई निळीगर्द.

"जबाब देशील?" मी विचारले.

"साहेब, तेच्या खानावळीक रोज शंभर पाव जातत माझे." तो सायकलकडे बघत म्हणाला. "मी फक्त इचारलंय."

मी आयुष्यात कागद पेटवणारे पाहिले, खाणारे पाहिले, एक तर कागदाची होडी करून पुराव्यासकट खाडीत सोडणारा पाहिला. पण कागद भाजणारा हा पहिलाच. तरी अडचण कायम होती. साक्ष द्यायला तयार नसलेल्या पाववाल्याच्या जोरावर गुन्हा दाखल होत नाही. सही तपासायला हस्ताक्षर तज्ज्ञाकडे कागद पाठवला तर अभिप्रायाला सहा-सात महिने लागतात. इकडे नोटिशीचे दहा दिवस उरले होते. आणि असल्या कागदाचे खरे काम कोर्टात जिंकणे हे नसतेच. त्याचे काम घाबरवण्याचे. म्हातारी घाबरून संमतीपत्रावर सही करील, मग तो जुना कागद पुन्हा कोणी पाहणार नाही, असा हिशेब होता.

मी आजींना निरोप पाठवला. अर्ज चौकशीवर घेतला. त्या आल्या तेव्हा मी स्वतः खुर्ची पुढे केली. त्यांनी ती आधी हाताने पुसली आणि मग बसल्या. पोलिसाने दिलेल्या वस्तूवर त्यांचा एवढाच विश्वास उरला होता, आणि तो माझ्यामुळेच.

जबाब सुरू झाला. हवालदार लिहीत होता. आता सरकारी जबाबाला तारखा लागतात, आणि इथे पहिलाच खड्डा आला.

"आजी, तुमचे पती कोणत्या साली वारले?"

"डॉलर साडेसतराक होतो तेवा."

हवालदाराने लेखणी उचलली. "गो बाय, साल सांग."

"सालां माका खंय आठवतत? भाव आठवता." आजींना यात काही नवल वाटत नव्हते. "लगीन झाला तेवा डॉलर साडेसात. थोरला चेडू झाला तेवा आठ. घरार नवी कौलां चढली तेवा बारा."

मला आधी वाटले म्हातारीचे डोके ठिकाणावर नाही. मग हळूहळू उलगडले. नवरा दहा-अकरा महिने समुद्रावर. घरी दर महिन्याला बँकेत त्याच्या पगारातला हिस्सा यायचा, सोबत एक पावती. किती डॉलर आले ते ठरलेले असे, त्याचे रुपये किती झाले ते मात्र त्या महिन्याच्या भावावर. मुलींची फी, माडांना खत, कौले, औषध, सगळे त्या एका आकड्यावर. आजी शाळेत चार यत्ता शिकलेल्या, पण पावतीवरच्या भावाची ओळ त्या अशी वाचायच्या जशी आपण पंचांगातली तिथी बघतो. किनाऱ्यावर बोटीवाल्यांच्या घरात ही रीतच होती. पुढे मी दहा-बारा घरांत विचारून पाहिले. एकीने तर मला सासू गेल्याची तारीख दोन दशांशांपर्यंत सांगितली.

जबाबाचा शेवटचा भाग म्हणजे ज्या कागदाबद्दल तक्रार आहे तो तक्रारदाराला वाचून दाखवायचा. हा नेहमीचा प्रकार, आणि बहुतेक अधिकारी तो वाचल्याचे लिहून मोकळे होतात. मीही होत असे. त्या दिवशी मात्र, मला वाटते, त्या पुसलेल्या खुर्चीमुळे, मी तो शब्द न् शब्द वाचला. कोणा वकिलाने तो आजींना वाचून दाखवला नव्हता. मुलींनी फोनवर फक्त मतलब ऐकला होता. म्हणजे तो कागद आजी पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होत्या.

मी वाचत गेलो. "सबब सदर बागेची ठरलेली किंमत अमेरिकन डॉलर चार हजार, आजच्या दराने एका डॉलरास रुपये एकतीस व सदतीस पैसे याप्रमाणे, एकूण रुपये एक लाख पंचवीस हजार चारशे ऐंशी, रोख मिळाले..."

"थांबा," आजी म्हणाल्या. "परत वाचा बघया."

मी परत वाचले.

आजी हसल्या. आठवडाभर झोप नसलेले माणूस हसते तसे, आधी खांद्यांनी आणि मग तोंडाने. "एकतीस? त्या वर्षाक एकतीस मिळाले असते तर आमी शेजाऱ्याचीच बाग इकत घेतली असती. आपली कित्या इकली असती?"

"मग त्या साली भाव किती होता?"

"चौदा. वर थोडे पैशे."

"काळ्या बाजारात?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू तो प्रश्न पोलिसाने विचारूच नये. मग म्हणाल्या, "दोन-तीन रुपये वर. दुप्पट कोण देता सायबानू? तो काय डॉलर इकत घेता की डॉलरचो घरजावय होता?"

हवालदार मान खाली घालून लिहीत राहिला. त्याचे कान हसत होते.

आता आजींची आठवण हा पुरावा होत नाही, हे मला कळत होते. मी त्याच दिवशी तालुक्याच्या बँकेत स्वतः गेलो. व्यवस्थापक तरुण होता, त्याला वाटले मी कर्ज मागायला आलो. अमुक महिन्यातला डॉलरचा अधिकृत दर लेखी द्या, असे पत्र मी त्याच्यापुढे ठेवले तेव्हा तो म्हणाला, इतक्या जुन्या दराची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. मी म्हटले, इतका जुना डॉलरही आजवर कोणी भट्टीत भाजलेला नाही. बिचाऱ्याला काही कळले नाही, पण तो भला होता. त्याने वरच्या कार्यालयाकडून नोंदी मागवल्या आणि सहा दिवसांत शिक्क्यानिशी पत्र दिले.

पत्र वाचले आणि मी दोन ग्लास पाणी प्यालो. कागदावरच्या तारखेच्या महिन्यात दर चौदा रुपये आणि वर काही पैसे. आजींचा आकडा तंतोतंत. पुढच्या ओळी आणखी गोड होत्या. एक्क्याण्णव साली सरकारने रुपया उतरवला तेव्हा डॉलर पंचवीसच्या वर गेला, आणि मग त्र्याण्णवपासून साधारण दोन वर्षे तो एकाच आकड्यावर खिळ्याने ठोकल्यासारखा उभा राहिला. एकतीस रुपये सदतीस पैसे.

म्हणजे ज्याने तो कागद लिहिला त्याला एकतीस सदतीस हा आकडा कुठून तरी ठाऊक होता. अंदाज बांधणारा माणूस तीस लिहील, पस्तीस लिहील. सदतीस पैसे अंदाजाने कोणी लिहीत नाही. सदतीस पैसे आठवणीतून येतात. कोणाच्या आठवणीतून, एवढेच उरले होते. आणि नोटिशीचे तीन दिवस.

मी कुकला मूळ कागदासह ठाण्यात बोलावले. सकाळी अकराची वेळ. तो पांढरा शर्ट घालून आला, हातात चामडी पाकीट, बोटांत दोन अंगठ्या. मूळ कागद मी दोन पंचांसमक्ष ताब्यात घेतला. खरे सांगतो, नाकाजवळ नेल्यावर त्याला गरम पावाचा वास आला. हवालदार म्हणतो तसे काही नव्हते. पण हवालदाराला सर्दी होती.

"साहेब, माझे वडील सरळ माणूस होते," कुक म्हणाला. "त्यांनी व्यवहार केला, कागद केला, आणि शेजारधर्म म्हणून ताबा मागितला नाही. माझे काही म्हणणे नाही. जे आहे ते कायदेशीर आहे."

इथे माझे एक निरीक्षण सांगतो, ते कोणत्याही पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आमच्याकडचा संशयित माणूस ठाण्यात आला की पुस्तकी मराठी बोलतो. तो जोवर पुस्तकी बोलतो तोवर पाठ केलेले बोलत असतो. मालवणी सुटली की समजायचे, माणूस घरी पोचला. म्हणून मी कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. माझे हत्यार वेगळे होते. मी गजाली सांगायचो.

मी चहा मागवला आणि कागद बाजूला सारला. त्याला सांगितले, मी तरुणपणी एका फरारी आरोपीचा पाठलाग करत किल्ल्यापर्यंत पोहत गेलो होतो, शिट्टी दातांत धरून. वाटेत शिट्टी वाजली आणि मागून चार डॉल्फिन रांगेत आले. कुक ऐकत होता. बोटीवर दहा वर्षे काढलेल्या माणसासमोर पोलिसाने समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात आणि त्याने गप्प बसावे, हे माणसाच्या स्वभावात नाही.

"साहेब, ता काय मोठा नाय," तो म्हणाला, आणि मी चहाचा घोट घेतला. मालवणी सुटली होती. "आमची बोट वादळात गावली तेवा मी सार शिजवत होतंय. टोप पोटाक बांधलेलो. बोट आडवी, मी आडवो, पण सार सरळ. कॅप्टन दोनदा जेवलो."

"पहिलीच ट्रीप?"

"पयलीच. बाविसाव्या वर्षाक. अकरा म्हयने." त्याचे डोळे चमकू लागले होते. "मुंबैक उतारलंय तेवा खिशात कोरे डॉलर. बँकेतल्या बाबान काचेआडून भाव सांगितल्यान. तो भाव मी मेल्यावर पण इसराचंय नाय."

"किती होता?"

"एकतीस सदतीस." त्याने ते असे म्हटले जसे आपण पहिल्या मुलाचे नाव घेतो. "पुढल्या ट्रिपेक परत तोच. दोन वर्षां हललो नाय. माका वाटला डॉलर कायमचो एकतीस सदतीसच आसता."

हवालदाराने लिहिणे थांबवले. मी बाजूला सारलेला कागद हळूच पुढे ओढला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि बँकेचे पत्र शेजारी ठेवले. काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणे किती जड जाते ते आमच्या घरी विचारा.

त्याने ओळ वाचली. पत्र वाचले. पुन्हा ओळ वाचली. मग परत पुस्तकी मराठीत गेला. "साहेब, त्या वेळी काळ्या बाजारात जास्त दर मिळत असे."

"दुप्पट?"

"असेल."

"आणि काळ्या बाजारात सदतीस पैसे कोण मोजतो? तिथे माणूस वीस म्हणतो, पंचवीस म्हणतो. गल्लीच्या कोपऱ्यावर मान मागे करून नोटा देणारा सदतीस पैसे सुटे देतो?"

त्याने पाकीट मांडीवर ओढले.

"तुमची नळी आणलीत?" बोटीवाल्यांच्या नोकरीच्या नोंदवहीला आमच्याकडे नळी म्हणतात, पूर्वी ती पत्र्याच्या नळीत घालून ठेवायचे म्हणून. समजपत्रात मी ती मुद्दाम मागवली होती. पहिल्या ट्रिपेवरून उतरल्याचा शिक्का चौऱ्याण्णवचा होता. स्टॅम्पपेपरवरची तारीख पडली तेव्हा हा गृहस्थ शाळेत होता.

चहा निवून गेला तरी त्याने हात लावला नाही. शेवटी म्हणाला, "बापाच्या पेटीत कोरो स्टॅम्प गावलो. तेच्यार तारीख होती, बापाचा नाव होता. फक्त लिवचा होता."

"आणि भाव?"

"इचारतलंय कोणाक? इचारला असता तर वास इलो असतो. माका पूर्वीचो भाव होयो होतो." तो टेबलाकडे बघत राहिला. "माका पूर्वीचो तो एकच भाव ठाऊक."

त्याने सगळे केले होते. आजींचा नवरा त्या महिन्यात रजेवर घरी होता याची खात्री केली होती. साक्षीदार मेलेले निवडले होते. कागद भाजला होता. आजींच्या नवऱ्याने बोटीवरून कुकच्या बापाला लिहिलेले नाताळचे पत्र जपून ठेवलेले होते, त्यावरची सही काचेवर धरून गिरवली होती. इतका हुशार माणूस, आणि त्याला एकदाही वाटले नाही की त्याच्या पूर्वीच्या आधीही एक पूर्वी होती. त्या दिवसापासून मी कोणाही साक्षीदाराला "पूर्वी म्हणजे कधी?" असे विचारल्याशिवाय पुढे गेलो नाही. प्रत्येकाच्या डोक्यात एक साल बसलेले असते, आणि त्याच्या मागे त्याला सगळे सपाट दिसते. मला स्वतःला विचाराल तर पूर्वी म्हणजे पोलीस हाफपँट घालायचे तेव्हा.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांना ठाऊक असेल. म्हणून मी आजींची फिर्याद घेऊन त्याच दुपारी गुन्हा नोंदवला, खोटा दस्तऐवज करणे, तो खरा म्हणून वापरणे, फसवणुकीचा प्रयत्न. कुकने पंचांसमक्ष खानावळीच्या कोठीतून काजूचे पिंप काढून दिले. काजूखाली सही गिरवण्याचे अकरा कागद निघाले आणि ते नाताळचे पत्रही. पंचनामा करताना एक पंच सारखा पिंपात हात घालत होता. मी त्याला दोनदा सांगितले की तो मुद्देमाल आहे. पंधरा दिवसांची मुदत उलटण्यापूर्वी वकिलाने नोटीस मागे घेतल्याचे पत्र दिले. रिसॉर्टवाल्यांनी फोन उचलणे बंद केले. पाववाला दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन जबाब देऊन गेला. शंभर पावांचे काय, असे मी विचारले. म्हणाला, "खातले दुसरे कोणीतरी. पाव कोणाचे ऱ्हवत नाय." हस्ताक्षर तज्ज्ञाचा अभिप्राय सात महिन्यांनी आला, त्यात आम्हाला ठाऊक होते तेच होते. खटला चालला, कुकला शिक्षा झाली, त्याने ती भोगली.

संमतीपत्र आजींनी सही न करता ठाण्यात आणून दिले. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने किराण्याची यादी केली होती. ती यादीही पुराव्यात गेली. कोर्टात दोन्ही वकिलांनी ती गंभीरपणे वाचली.

निवृत्त झाल्यावर एकदा कुणकेश्वरहून परतताना वाट वाकडी करून मी त्या गावात गेलो. वाटले, आजी आहेत की नाहीत बघावे. आजी होत्या. बागेच्या कडेला, वाळत घातलेल्या विणलेल्या झापांशेजारी बसून, केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत होत्या. आणि मी पाहतो तर कुकच्या खानावळीत उतरलेली काही मंडळी, टोप्या, टॉवेल, रबरी चक्र, आजींच्या बागेतून रांगेने समुद्राकडे चाललेली.

मला धक्का बसला. "आजी, ही वाट तुम्ही त्याला दिलीत?"

"दिलंय."

"ज्याने तुमचे घर घ्यायला बघितले त्याला?"

आजींनी हीर काढणे थांबवले नाही. मग सगळे सांगितले. कुक सुटून आला त्यानंतर एक दिवस तो कुंपणापाशी उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने वाट मागितली. दोघांचे बोलणे त्या कागदाच्याही आधी दोन वर्षांपासून बंद होते, खानावळीतल्या भोंग्यावरून आजींनी त्याला चारचौघांत झापले होते तेव्हापासून. त्याच्या खोल्या कधी भरत नव्हत्या, कारण समुद्र समोर दिसायचा आणि जायला वाट नव्हती. पर्यटकांना लांबचा वळसा. रिसॉर्टवाल्यांनाही नुसती त्याची जमीन नको होती, त्यांना हवी होती ती वाट.

"तेका वाटच होयी होती सायबानू," आजी म्हणाल्या. "पयल्याच दिवशी येवन मागल्यान असती तर चाय पिवन गेलो असतो. मी एकटी तरी त्या वाटेन कितीसा चलतंय?"

"मग त्याने मागितली का नाही?"

"लाज वाटली म्हणता."

मी गाडीकडे चालत आलो. पस्तीस वर्षांत मी चोर, भामटे, खोटी सही करणारे, खोटे रडणारे असे शेकड्यांनी पाहिले, आणि त्यांतल्या प्रत्येकाला विचारायचे राहिले ते एकच, की तुला जे हवे होते ते तू आधी कोणाकडे मागून पाहिलेस का. मला आता वाटते, निम्म्यांनी नाही म्हटले असते. मागायची लाज वाटते, भट्टीत कागद भाजायची वाटत नाही. मागून त्या मंडळींपैकी कोणीतरी आजींना हाक मारून विचारले, परत येताना इथूनच यायचे का. आजी म्हणाल्या, "खयसून येतलास मग? हयसूनच या. आणि झापांवर पाय देव नकात."